यमुनाबायच्या टेम्पोची किल्ली

"उतरा! खाली उतरा सगळ्या! पाट्या काढा आदी!"

मोरेश्वर टेम्पोच्या केबिनमधून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत ओरडत होता. बाजार आटोपला होता. रिकाम्या पाट्या घेऊन घरी जायला मागच्या हौद्यात चढलेल्या कोळणी एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. खाली रस्त्यावर त्याची बायको यमुना हात पुढे करून उभी होती. ती एवढंच म्हणत होती – "किल्ली दे."

"किल्ली तूच दिलीस ना मला? सगळ्यांच्या पुढ्यात दिलीस! आख्ख्या बोईसरनं टाळ्या वाजवल्या. खोटं वाटतं तर त्या माईकवाल्याला विचारा जाऊन!"

तो माईकवाला मी.

आणि मी त्या वेळी तिथंच होतो. मच्छी मार्केटच्या बाहेर, शहाळ्यांच्या गाडीमागे, वाकून बुटाची नाडी बांधत. दुसऱ्या पाळीला निघालो होतो, पायात कंपनीचे बूट होते – पुढे लोखंडी टोपी असलेले, ज्यांच्याशिवाय गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. नाडी सुटलेली नव्हती. मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. टेम्पो निघून जाईपर्यंत मी एवढंच काम केलं.

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला यातलं थोडं माहीत आहे, पण तेही तिला भोगावं लागलं म्हणून, मी सांगितलं म्हणून नव्हे. तुम्हाला सांगतोय – का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. जे ओळखतात ते माझं काही खरं धरतच नाहीत.

त्यांचीही चूक नाही म्हणा. मी सांगतो त्यातलं निम्मं वारं असतं. शिरगावच्या किल्ल्यावर एका कार्यक्रमात वीज गेली आणि मी माईकशिवाय असा बोललो की डहाणूच्या खाडीतल्या होड्या कुणी हाक मारली म्हणून परत फिरल्या – हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच त्या होड्या दिसतात. वीज खरोखर गेली होती. बाकी काही नाही. पुढचं मात्र मी फुगवणार नाही. फुगवलंच, तर माझा मीच पकडून खाली आणीन.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वडिलांच्या नोकरीबरोबर इकडे आलो आणि एका रसायनांच्या कारखान्यात चिकटलो. आठ तास व्हॉल्व्ह फिरवणं, मीटर बघणं. तिथं कोण टाळ्या वाजवणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी निवेदन. गणपती, वाढदिवस, उद्घाटनं, निरोप समारंभ. आणि मार्च महिना आला की महिला दिन – आठवडाभर मला घरी जेवायला वेळ नसायचा. कर्तृत्ववान महिलांचा सत्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि माझा आवाज. माझ्याकडे तयार परिचय असायचे. बाई शिकलेली असेल तर एक, कष्टाची असेल तर दुसरा. माझ्या भाषेत प्रत्येक बाई पणती होती, आणि प्रत्येक नवरा त्या पणतीभोवती धरलेला हात. बाई कोण, नवरा कोण – नाव तेवढं बदलायचं.

यमुनाबाय मात्र नाव बदलून भागेल अशी बाई नव्हती.

ती किनाऱ्यावरच्या एका गावची. गावाचं नाव नको, चिंचणीहून फार लांब नाही एवढं पुरे. तिथल्या बाया डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पहाटे एसटीची वाट बघायच्या, आणि कंडक्टर दारातूनच हात हलवायचा – पाटी नको, वास येतो, लोक ओरडतात. मग मागून येणाऱ्या कुठल्या ट्रकला हात करा, रिक्षावाल्याच्या विनवण्या करा. बोईसरला पोचेपर्यंत बर्फ वितळलेला, मासळीचे डोळे पांढरे, आणि गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन घरी गेलेलं. यमुनाबायनं गावच्या बायांचा बचत गट उभा केला आणि सेकंडहँड टेम्पो आणला. त्यात पहिली जागा कुणाला, तर नवरा गेलेल्या आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायांना. "जिला घरातून कोण सोडाया येत नाय, ती पुढं," असा तिचा नियम होता.

तेवढ्यावर ती थांबली असती, तरी माझा पणतीचा परिचय चालून गेला असता. पण डोंगराकडच्या आदिवासी बाया बोईसरला करटोली, शेवळं, काकड्या घेऊन यायच्या आणि बाजारातले टगे त्यांना रोज उठवायचे – इथं बसू नका, तिथं बसू नका. यमुनाबायनं आपली रांग सरकवली आणि त्यांना मधे बसवलं. एक कोळीण, एक भाजीवाली, एक कोळीण, एक भाजीवाली. उठवायचं तर सगळ्यांना उठवा. कोळणींना उठवायला कोण जातं? तिच्या शब्दापुढे – मी सांगायचो की बैल बसायचे. बैल नाही बसायचे. पण टगे उठवायला आले नाहीत पुन्हा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

टेम्पोला ड्रायव्हर ठेवलेला होता, पण किल्ली ती स्वतःकडे ठेवायची. कमरेला, लुगड्यात खोचून. पहाटे ड्रायव्हरला द्यायची, परत आल्यावर काढून घ्यायची.

आता मोरेश्वर. तो तिचा नवरा होता, पण तिच्या घरात राहत नव्हता. तिनं त्याला काढलं होतं. का काढलं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. टेम्पो यायच्या आधी, एका पावसाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो आणि परतीच्या एसटीत बसलो होतो. थांब्यावर यमुनाबाय कंडक्टरची विनवणी करून पाटी घेऊन चढत होती. मोरेश्वर मागून आला आणि तिला दंडाला धरून खाली ओढलं. बाजाराला जायचं नाही म्हणाला. पाटी रस्त्यावर पडली. बस भरलेली होती. कुणी उठलं नाही. मी खिडकीतच होतो, माझा हात बाहेर काढला असता तर तिला लागला असता एवढ्या जवळ. मीही उठलो नाही.

नंतर ही गोष्ट मी कॅन्टीनमध्ये सांगितली. हसवून सांगितली. माझ्या गोष्टीत पापलेटं हवेत उडाली आणि एक कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीत पडलं. लोक पोट धरून हसले. खरं म्हणजे बोंबील होते. उडाले नव्हते. चिखलात पडले होते, आणि ती एकेक उचलून पुसत होती.

म्हणजे मला माहीत होतं. हे इथं नीट नोंदवून ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते माहीत नसताना केलं असं मी गेली तीन वर्षं स्वतःला सांगत आलोय.

एका महिला दिनाला यमुनाबायचा सत्कार ठरला. कार्यक्रम बोईसरला, एका हॉलमध्ये. निवेदन माझं. सुरू व्हायच्या आधी ती मला शोधत स्टेजच्या मागे आली. नवं लुगडं, अंगभर ठेवणीतलं सोनं, केसात अबोली. बरोबर गावच्या बाया होत्या, त्या लांब उभ्या राहून खिदळत होत्या. एक म्हणाली, "यमे, आज तुजा फोटू पेपरात, उद्या त्यातच बोंबील बांदू!" सगळ्या हसल्या. यमुनाबाय हसली नाही. मला म्हणाली, "भाऊ, दोन गोष्टी सांगते. आमच्या बायांची नावं घे, माज्या एकटीचं नको. टेम्पो सगळ्यांचा हाय. आन् माज्या नवऱ्याचं नाव नको काढू."

"ताई, काळजीच सोडा," मी म्हणालो. छातीवर हात ठेवला. माझा हात फार पटकन छातीवर जातो.

तिनं बोटांवर मोजत बायांची नावं सांगितली. मी प्रत्येक नावाला मान हलवली.

कार्यक्रम सुरू झाला. हॉल खच्चून भरला होता – नाही, नव्हता. पुढच्या रांगा भरल्या होत्या, मागे खुर्च्याच खुर्च्या. पाहुण्या उशिरा आल्या, उकाडा होता, लोक हातपंख्यासारखी निमंत्रणपत्रिका हलवत होते. मी पहिला विनोद टाकला. पडला. दुसरा टाकला. तोही पडला. तुम्ही कधी माईक हातात धरून ती शांतता ऐकली आहे का? मला दुसरं काही भय वाटत नाही, कारखान्यात गॅस गळला तरी वाटत नाही. त्या शांततेचं वाटतं.

यमुनाबायचं नाव पुकारलं. ती स्टेजवर आली. आणि मला समोर पहिल्या रांगेत मोरेश्वर दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. तो कसा आला, कुणी बोलावलं, मला माहीत नाही. कुणी बोलावलंही नसेल. मी बायांची नावं घ्यायला तोंड उघडलं – आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"ताई पणती असतील! पण वाऱ्यापासून त्या पणतीभोवती धरलेला हात कुणाचा?"

मी बोट मोरेश्वरकडे केलं. टाळ्या पडल्या. तुम्हाला सांगतो, काय टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या पहिल्या. मग मला कोण थांबवणार? पहाटे उठून बायकोच्या पाट्या उचलणारा, स्वतः उपाशी राहून टेम्पोचं स्वप्न बघणारा, गावाच्या टोमण्यांपुढे ढाल होऊन उभा राहिलेला – मी एक अख्खा नवरा तिथं उभा केला. असा नवरा मला स्वतःलाही कधी होता आला नाही. "जोडीनं सत्कार झालाच पाहिजे!" म्हणून त्याला वर बोलावलं. दोघांना एका शालीत घेतलं. फोटो निघाले.

तेवढ्यात तिच्या कमरेची किल्ली मला दिसली.

"आणि आता," मी म्हणालो, "ज्यांनी ताईंना वाट करून दिली, त्यांच्या हातात ताई स्वतः ही टेम्पोची किल्ली देतील!"

पुन्हा टाळ्या. ती हलली नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत होती. मी माईक तिच्यापुढे धरला. ती काही बोलली नाही. मी माईक परत घेतला आणि म्हणालो, "ताई भारावून गेल्यात!"

मग तिनं किल्ली काढली आणि दिली. काय करणार होती? पाहुण्या टाळ्या वाजवत होत्या. खाली तिच्या गावच्या बाया बसल्या होत्या, त्यांतल्या एकीचेही हात वर आले नाहीत. ते मी बघितलं. बघून पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली होती, जोडीनं घ्या म्हणून – असं मी पुढे एक-दोघांना सांगितलं. कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती. एका पाहुण्यांनी सुचवलं, असंही एकदा सांगितलं. कुणी सुचवलं नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या, एवढंच होतं. याच्यामागे अजून खोल काही असेल म्हणून मी बरंच खणून बघितलं. नाही सापडलं.

मोरेश्वरनं किल्ली परत केली नाही. तो त्याच संध्याकाळी शाल खांद्यावर टाकून तिच्या घरात शिरला. गावात ज्यांनी त्याला काढलेलं बघितलं होतं, तेही म्हणायला लागले – एवढ्या मोठ्या माणसांनी जोडीनं सत्कार केला, आता घरात घे, शोभत नाही. हॉलमधली बातमी गावापर्यंत पोचताना माझ्यापेक्षा जास्त फुगली. त्यानं ड्रायव्हर काढला, स्वतः बसला. आधी एका व्यापाऱ्याचा माल घेतला, बायांच्या पाट्या उरलेल्या जागेत. मग उरलेली जागाही कमी कमी होत गेली. मग तो दिवस आला, जो मी सुरुवातीला सांगितला. शहाळ्यांच्या गाडीमागचा.

त्यानंतर यमुनाबाय माझ्याकडे आली. कंपनीच्या गेटवर, पाळी सुटताना. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "गावकी बसतेय रविवारी दुपारी. तो सांगतो टेम्पो त्यानं आनला. मी बोलते तसं नाय, तर लोक बोलतात माईकवर सांगितलं ते काय खोटं? तू ये, भाऊ. एवढंच बोल – मी ते मनचं बोललो. मग गावकी किल्ली मला देनार. सरपंच पन तसंच बोललाय."

एवढंच. मी मनचं बोललो – तीन शब्द.

"येतो की," मी म्हणालो. हात छातीवर गेला होता.

रविवार उजाडला. मी सकाळपासून तयार होतो – असं लिहिलं आणि आता खोडावंसं वाटतंय. मी तयार नव्हतो. मी हिशोब करत होतो. मी गावकीपुढे उभा राहून म्हणालो की मी स्टेजवर मनचं बोलतो, तर पुढच्या मार्चला मला कोण बोलावणार? जो निवेदक एका बाईचा नवरा बनवून सांगतो, त्याच्या बाकीच्या पणत्यांचं काय? एका तोंडातून निघालेलं हे बोलणं पालघरपर्यंत जायला किती वेळ लागतो? माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं हो. व्हॉल्व्ह आणि माईक. माईक गेला तर व्हॉल्व्ह उरत होते.

दुपारी दार वाजलं. ती मला न्यायला आली होती, रिक्षा करून. मी पलंगावर उताणा पडलो होतो. बायकोला खूण केली. सुनीतानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दाराशी गेली. "ते ड्युटीवर गेलेत," ती म्हणाली. "अचानक बोलावणं आलं."  मग रिक्षा सुरू झाली.

सुनीता आत आली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती. त्या दिवसापासून ती माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला आलेली नाही. विचारलं तर म्हणते, घरी काम आहे.

गावकीत काय झालं ते मला बाजारात कळलं. माझी वाट बघितली, मी आलो नाही, आणि लोकांनी धरलं की माईकवरचंच खरं. किल्ली मोरेश्वरकडे राहिली. बाया पुन्हा थांब्यावर. काहींनी बाजारच सोडला. त्या डोंगराकडच्या भाजीवाल्या काही दिवस आल्या, मग रांगेत मधे भोकं पडली तशा त्याही उठवल्या गेल्या. टेम्पो हल्ली कारखान्यांचं भंगार वाहतो. बोईसरच्या नाक्यावर मला दिसतो कधी कधी. मी ओळखतो, कारण मागच्या फळीवर अजून पुसट अक्षरांत गटाचं नाव आहे.

मी मात्र निवेदन सोडलं नाही. हे सांगितलंच पाहिजे. त्यानंतर तीन महिला दिन झाले, तिन्ही मी केले. पणती तेवढी काढून टाकली. दुसरं काही घातलं तिच्या जागी.

आणि तिनं सांगितलेली ती नावं – बायांची – तुम्हाला इथं सांगावीत असं मनात होतं. निदान इथं तरी. बसून आठवली. एकही येत नाही. मी मान हलवत होतो, पण ऐकत नव्हतो.

गेल्या महिन्यात मी मार्केटमध्ये गेलो. यमुनाबाय बसलेली होती. ती यायची थांबली नाही – दोघी-तिघी मिळून रिक्षा करून येतात, पाट्या मांडीवर घेऊन. केस पांढरे झालेत. कमरेला आता अडकित्ता खोचलेला असतो. ती मांदेली साफ करत होती. मी समोर उकिडवा बसलो. बाजूला गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबलो. मग सांगितलं. न फुगवता सांगितलं. म्हणालो, त्या रविवारी मला ड्युटी नव्हती. मी घरातच होतो.

ती मांदेलीचं डोकं काढत राहिली. वर बघितलं नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुजे कंपनीचे बूट दारातच होते."